दुसऱ्या भागात भीती कुठे जाते?

माझी भाची बारावीची परीक्षा संपवून आठवडाभर आमच्याकडे घोडबंदर रोडला राहायला आली होती. पहिल्याच रात्री तिने 'हॅलोविन' लावला. १९७८चा, जॉन कारपेंटरचा. संपला तेव्हा साडेबारा वाजले होते आणि तिला तहान लागली. हॉल ते स्वयंपाकघर हे आमच्या घरातलं अंतर जेमतेम पंधरा पावलं, पण तेवढ्यात बाईसाहेबांनी हॉलचा, पॅसेजचा आणि स्वयंपाकघरातला असे तीन दिवे लावले आणि परत येताना एकही बंद केला नाही. दुसऱ्या रात्री 'हॅलोविन २' पाहिला. तो संपल्यावरही ती पाणी प्यायला उठली. अंधारातच गेली, मोबाइलवर कुणाला तरी मेसेज टाइप करत, आणि फ्रिजच्या उजेडात बाटली काढून तशीच परत आली.

"मामा, पहिल्याची सर नाही याला."

"का गं? खून तर दुप्पट होते."

"तेच ना. खून जास्त, रक्त जास्त, खुनी तोच, हिरॉईन तीच, म्युझिक तेच. मग भीती कुठे गेली?"

मी तेव्हा "सीक्वेलचं असंच असतं" असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न दोन दिवस डोक्यातून जाईना. तिला नीट उत्तर द्यायचं तर थोडं लांबून यावं लागेल, म्हणून हा लेख. यात काही जुन्या सिनेमांचे शेवट फुटणार आहेत. ज्यांना पाहायचे असतील त्यांनी आधी पाहून या, मी थांबतो.

आधी स्लॅशर म्हणजे काय ते बघू. एक माणूस, बहुधा मुखवटा घातलेला, हातात सुरी नाहीतर कुऱ्हाड नाहीतर कोयता, आणि तो तरुण पोरापोरींना एकेकटं गाठून मारतो. शेवटी एक मुलगी उरते. ती पहिल्यापासून जरा सावध असते, लपते, झुंजते आणि बहुतेक वेळा वाचते. तिला 'फायनल गर्ल' म्हणतात. हे नाव कॅरल क्लोव्हर या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८७च्या एका निबंधात दिलं आणि ते इतकं चिकटलं की आता कॉलेजातली पोरंही सहज वापरतात. या प्रकाराचे आजोबा म्हणजे हिचकॉकचा 'सायको', १९६०चा. मग १९७४ साली 'ब्लॅक ख्रिसमस' आणि 'टेक्सस चेन सॉ मॅसॅकर' आले. 'हॅलोविन'ने साचा पक्का केला आणि १९८०च्या 'फ्रायडे द थर्टीन्थ'ने दाखवून दिलं की साचा असला की कुणीही मूर्ती काढू शकतो.

हा प्रकार आपल्याकडच्या भुतांपेक्षा फार वेगळा आहे, आणि तो फरक लक्षात घेतला की दुसऱ्या भागाचं दुखणं अर्धं कळतं. नौपाड्याच्या चाळीत आमची आजी रात्री दिवे गेले की भुतांच्या गोष्टी सांगायची. मुंजा पिंपळावरच असणार. हडळीचे पाय उलटे असणार. चकवा रानातच लागणार, आणि लागला तर काय करायचं तेही आजीला ठाऊक. प्रत्येक भुताचं काहीतरी राहून गेलेलं, जागा ठरलेली, उतारा ठरलेला. गोष्ट संपेपर्यंत आम्ही पोरं चादरीत गुरफटून बसायचो, पण शेवटी नारळ-लिंबाचं निघालं की झोप लागायची. स्लॅशरमधल्या खुन्याला यातलं काहीच नसतं. त्याचं काय राहून गेलंय ते कळत नाही आणि नारळ कुठल्या तिठ्यावर ठेवायचा तेही कळत नाही.

'हॅलोविन'मध्ये मायकल मायर्स हा सहा वर्षांचा मुलगा १९६३ साली आपल्या सख्ख्या मोठ्या बहिणीला सुरीने मारतो. पंधरा वर्षांनी तो वेड्यांच्या इस्पितळातून पळतो, गावी परततो आणि लॉरी नावाच्या एका शाळकरी मुलीच्या मागे लागतो. तिच्याच का? तिचे वडील घरांची विक्री बघतात, म्हणून ती मायर्सच्या ओसाड घराशी किल्ली ठेवायला गेली आणि त्याने तिला आतून पाहिलं. संबंध एवढाच. गाडी उशिरा आली म्हणून तुम्ही ठाणे स्टेशनच्या पुलावर दोन मिनिटं जास्त उभे राहिलात आणि कुणीतरी तुम्हाला हेरलं, तसं. श्रेयनामावलीत मुखवट्यातल्या या माणसाला नावसुद्धा दिलेलं नाही, 'द शेप' म्हटलंय, म्हणजे नुसती आकृती.

हा सिनेमा तीन लाख डॉलरहून थोड्या जास्त पैशांत, साधारण वीस दिवसांत उरकला. मुखवटा विकत आणला तो दोन डॉलरहूनही कमी किमतीचा, टीव्हीवरच्या अंतराळ मालिकेतल्या एका कप्तानाच्या चेहऱ्याचा. त्याला पांढरा रंग फासला, डोळ्यांची भोकं मोठी केली. गोष्ट ऑक्टोबरातली आणि शूटिंग कॅलिफोर्नियात वसंतात, तेव्हा पानगळ दाखवायला पानं रंगवून रस्त्यावर टाकायची आणि शॉट झाला की परत गोळा करायची. आपल्या हौशी एकांकिका स्पर्धांमधली मंडळी करतात तसाच सगळा जुगाड. रक्त तर इतकं कमी की दुसऱ्यांदा पाहताना आश्चर्य वाटतं.

मग घाबरतो कशाला आपण? मला विचाराल तर चौकटीला. हा सिनेमा रुंद पडद्यासाठी चित्रित केला आहे आणि कारपेंटर खुन्याला मधोमध फारसा ठेवतच नाही. तो कडेला असतो. कुंपणाच्या टोकाला, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागे, रस्त्यापलीकडे गाडीत. लॉरीने खिडकीतून पाहिलं तर आहे, पुन्हा पाहिलं तर नाही. असं दोन-तीनदा झालं की आपण लॉरीकडे बघायचं सोडून पडद्याचे कोपरे धुंडाळायला लागतो. मग दिग्दर्शकाने रिकामा कोपरा दाखवला तरी आपलं काळीज धडधडतं, कारण भरायचं काम आता आपण करतोय. जोडीला ते पियानोचं संगीत. ते पाच मात्रांचं आहे, म्हणजे झपतालाच्या निम्मं. केरवा-दादरा ऐकत वाढलेला पाय ठेका धरायला जातो आणि दर वेळी सम अर्धं पाऊल आधी येऊन पडते. चालताना जिन्याची पायरी चुकावी तसं होतं.

शेवट तर बघाच. इस्पितळात मायकलवर उपचार करणारा डॉक्टर लूमिस त्याच्यावर सहा गोळ्या झाडतो, तो सज्जातून खाली पडतो. डॉक्टर वाकून बघतो तर हिरवळीवर कुणी नाही. मग कॅमेरा घरातल्या एकेक रिकाम्या जागा दाखवतो. जिना, दिवाणखाना, खालचा मजला, बाहेरचा रस्ता. कुठेच कुणी नाही आणि श्वासाचा आवाज मात्र येत राहतो. भाचीने लावलेले तीन दिवे या वीस-पंचवीस सेकंदांचे होते. सिनेमाने शेवटी तिला सांगितलं की तो कुठेही असू शकतो, आणि आमचा पॅसेज 'कुठेही'मध्ये येतो.

आता दुसरा भाग. १९८१. त्याच रात्री, त्याच मिनिटाला सुरू होतो. कारपेंटर आणि डेब्रा हिल यांनीच लिहिलाय, दिग्दर्शन रिक रोझेन्थलचं. लॉरीला इस्पितळात नेलंय आणि मायकल मागोमाग तिथे पोहोचतो. कल्पना वाईट नाही. पण पुढे कळतं की लॉरी ही मायकलची धाकटी बहीण आहे, दत्तक गेलेली, आणि तो तिला मारायलाच आलाय.

इथे भाची हसली होती. मीही हसलो, कारण हे ऐकल्याबरोबर मराठी माणसाच्या मनात एकच शब्द येतो, भाऊबंदकी. पाच मिनिटांपूर्वीपर्यंत जो माणूस अकारण कुणाच्याही मागे लागत होता, तो आता कुटुंबाच्या कामासाठी बाहेर पडलेला नातेवाईक झाला. मुंजाला पिंपळ मिळाला. आणि सगळ्यात मोठा घोटाळा असा की मी सुटलो! मी मायर्सांच्या घरातला नाही, माझी बहीण डोंबिवलीला असते, तेव्हा हे प्रकरण माझ्यापर्यंत येण्याचं कारण नाही. कारपेंटरने पुढे स्वतःच सांगितलंय की ही पटकथा त्याने रात्री बिअर पीत कशीबशी ओढली. २०१८ साली जेव्हा नवा 'हॅलोविन' आला तेव्हा त्यांनी मधले सगळे भाग झाले नाहीत असं धरलं आणि बहिणीची भानगड ही लोकांनी उठवलेली कंडी आहे, असं एका पात्राच्या तोंडून वदवून मोकळे झाले.

दुसरी गोष्ट इस्पितळाची. ते रिकामं आहे. दोन-चार नर्स, एक डॉक्टर, एक रखवालदार आणि लांबच लांब अंधारे कॉरिडॉर. भाची म्हणाली, "मामा, नातेवाईक कुठायत?" आपल्याकडे कुठल्याही इस्पितळात रात्री दोन वाजता जा. जिन्याखाली चादर टाकून कुणीतरी आडवं झालेलं असतं, कुणाची आत्या थर्मास घेऊन लिफ्टची वाट बघत असते, औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन एक मेव्हणा धावत असतो. मायकलला वॉर्डापर्यंत पोहोचायच्या आधी चार जणांनी "कोणाकडे आलात?" विचारलं असतं. हा विनोद सोडला तरी मुद्दा खरा आहे. पहिल्या भागातली भीती भरवस्तीतली होती. शेजारी दिवे होते, हॅलोविनचा सण म्हणून पोरं दारोदार खाऊ मागत हिंडत होती आणि तरी लॉरी दार ठोठावते तेव्हा शेजारी खिडकीचा पडदा सारतो आणि दिवा मालवतो. तो दिवा मालवणं मला सगळ्या खुनांहून वाईट वाटतं. दुसऱ्या भागाने ती वस्तीच काढून घेतली. शिवाय लॉरी बराच वेळ औषधाच्या गुंगीत पलंगावर. जिच्या डोक्याने आपण पळत होतो तीच झोपली.

आणि मग खुनांची संख्या. पहिल्या भागात मरणारी माणसं पाच, बहिणीला धरून. दुसऱ्यात मायकलच्याच हातचे नऊ. रोझेन्थलने सिनेमा बराच हात राखून केला होता, पण तोवर 'फ्रायडे द थर्टीन्थ'ने रक्ताचा भाव वाढवून ठेवलेला, म्हणून कारपेंटरने स्वतः काही दृश्यं नव्याने घेऊन त्यात भर टाकली. ती भर कामाला का येत नाही, हे समजायला जांभळी नाक्याच्या बाजारात चला. हातातल्या पिशवीत अर्धा किलो कांदे असताना भाजीवालीने पाव किलो टोमॅटो टाकले तर खांद्याला लगेच कळतं. पिशवीत आधीच दहा किलो असेल तर तेच टोमॅटो टाकलेले कळतही नाहीत. वजनाची ही गंमत एर्न्स्ट वेबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात प्रयोग करून दाखवली होती. फरक जाणवायला किती भर लागते, ते आधी किती होतं यावर ठरतं. वेबरने काही खून मोजले नव्हते, पण हिशोब तसाच लागतो असं मला वाटतं. चौथा खून पहिल्याइतका दचकवायचा तर तो चौपट मोठा हवा, आणि आठवा तर विचारूच नका. मग लेखक इंजेक्शनची सुई डोळ्यात घालतात, कढत पाण्याच्या टबात नर्सला बुडवतात. मामलेदारच्या मिसळीत तिसऱ्यांदा तर्री मागून घेणाऱ्याला विचारा. तोवर त्याला तिखट लागत नसतं, फक्त कान गरम झालेले असतात.

इथपर्यंत दोष सिनेमावाल्यांचा. पण एक कारण असं आहे की ज्यात कुणाचाच दोष नाही, आणि ते लोकांच्या सहसा ध्यानात येत नाही.

समजा एखाद्या संध्याकाळी तुम्ही माजिवड्याहून कासारवडवलीला पंधरा मिनिटांत पोहोचलात. मानपाड्याचा सिग्नल हिरवा, एकही ट्रेलर आडवा नाही, मेट्रोच्या कामाचा पत्रा नेमका त्या दिवशी मागे सरकवलेला. तुम्ही घरी येऊन सगळ्यांना सांगता. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, त्याच गाडीने निघता आणि पन्नास मिनिटं लागतात. तुमचं ड्रायव्हिंग एका रात्रीत बिघडलं का? मुळात पंधरा मिनिटांतली पाच तुमच्या कौशल्याची होती आणि बाकी नशिबाची. असामान्य दिवसानंतरचा दिवस बहुधा सामान्य निघतो. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ साली आईबाप आणि मुलांच्या उंचीचे आकडे मांडून हे दाखवलं होतं. फार उंच आईबापांची मुलं उंचच होती, पण सरासरीने त्यांच्याहून कमी.

आता सिनेमाकडे या. दुसरा भाग कुणाचा निघतो? जो चालला त्याचा. त्या काळात अमेरिकेत स्वस्तातले खूनपट पैशाला पासरी निघत होते. त्यातले बहुतेक आपटले आणि विसरले गेले, त्यांचे दुसरे भाग कुणी काढले नाहीत. ज्या मोजक्यांचे निघाले ते असे की ज्यांच्या बाबतीत नटी, मुखवटा, संगीत, प्रदर्शनाची वेळ, सगळे सिग्नल एकाच संध्याकाळी हिरवे मिळाले. म्हणजे तुलना नेहमी सर्वात भाग्यवान दिवसाशी होते. तीच माणसं, तितक्याच कष्टाने, तितकाच चांगला सिनेमा करायला बसली तरी दुसऱ्यांदा थोडी घसरण होणार हे जवळजवळ ठरलेलं. त्यामुळे "पहिल्यापेक्षा कमी" आणि "वाईट" यांत फरक करायला शिकलं पाहिजे. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली की दहावीपेक्षा बारावीला कमी पडले तर आईला हेच सांगणार. मी विषय बदलला.

मग इतकं माहीत असून काढतात कशाला? आकडे सोपे आहेत. पहिल्या 'हॅलोविन'ने अमेरिकेत चार कोटी ७० लाख डॉलरच्या आसपास मिळवले, दुसऱ्याने अडीच कोटींच्या. 'फ्रायडे द थर्टीन्थ'चे पहिले जवळजवळ चार कोटी, दुसऱ्याचे दोन कोटींच्या थोडे वर. दोन्हीकडे जमा निम्म्यावर आली. पण 'हॅलोविन २'चा खर्च पहिल्यासारखा तीन लाखांचा नव्हे, चांगला २५ लाख डॉलर होता तरीही पैसे दहापट झाले. या धंद्यात नट बदलले तरी चालतात, मुखवटा तोच लागतो, आणि मुखवटा मानधन वाढवून मागत नाही.

बदल करून पाहिला तर काय होतं, त्याचंही उदाहरण याच घरात आहे. तिसऱ्या भागात, १९८२ साली, त्यांनी मायकलला काढूनच टाकलं. कारपेंटरला दर वर्षी हॅलोविनच्या सणाभोवतीची एक वेगळी गोष्ट सांगायची होती. मला तो सिनेमा बरा वाटतो. पण प्रेक्षकांनी बोंब ठोकली, धंदा आणखी खाली आला आणि १९८८ साली चौथ्या भागाच्या नावातच मायकल परत आल्याची दवंडी पिटावी लागली. तेच दिलं तर शिळं, वेगळं दिलं तर फसवणूक. सुनेने सासूच्या हातची आमटी करायची तसं आहे हे.

इथे मला एक कबुली द्यायला हवी. मी हे दोन्ही सिनेमे पहिल्यांदा पाहिले ते २००० सालाच्या सुमारास, व्हीसीडीवर. नौपाड्यात आमच्या गल्लीत एक लायब्ररी होती, दिवसाच्या भाड्याने सीडी मिळायच्या. आणि तेव्हा मला दुसरा भाग जास्त आवडला होता! पहिला कंटाळवाणा वाटला. मुली नुसत्या रस्त्याने चालतायत, काही घडतच नाही. पुष्कळ वर्षांनी रुंद पडद्याची नीट प्रत पाहिली तेव्हा उलगडा झाला. आमचा टीव्ही चौकोनी, आणि त्या सीडीवर सिनेमाच्या दोन्ही कडा कापून चित्र चौकोनात बसवलं होतं. कडा कापल्या म्हणजे खुनीच कापला गेला. ज्या कोपऱ्यांत कारपेंटरने सगळी भीती ठेवली होती ते कोपरे आमच्या घरी पोहोचलेच नव्हते. दुसऱ्या भागातल्या सुया आणि टब मात्र मधोमध होते, ते शाबूत राहिले. त्यात ऐन मोक्याला पहिली सीडी संपायची आणि उठून दुसरी घालावी लागायची. तेव्हा कुणी मोबाइलवर, एका बाजूने इन्स्टा चालू ठेवून, जुना सिनेमा पाहून "एवढं काय त्यात" म्हणालं तर मी वाद घालत नाही.

सगळे दुसरे भाग आपटतात असंही नाही. 'फ्रायडे द थर्टीन्थ'ची तर उलटीच गंमत. ज्या जेसनच्या नावावर इतके सिनेमे निघाले तो पहिल्या भागात खुनी नाहीच, खून त्याची आई करते. जेसन हातात सुरा घेतो दुसऱ्या भागात, तेही डोक्यावर गोणपाटासारखी पिशवी ओढून, आणि तो प्रसिद्ध हॉकीचा मुखवटा त्याला मिळतो तिसऱ्या भागात, १९८२ साली. तिथे 'मूळ' कशाला म्हणायचं हाच प्रश्न आहे. 'सायको २' हिचकॉक गेल्यावर, १९८३ साली आला. सगळ्यांनी आधीच नाकं मुरडली होती, पण तो चक्क चांगला निघाला. कारण त्याने नवा प्रश्न विचारला. 'सायको'मधला खुनी नॉर्मन बेट्स २२ वर्षांनी बरा होऊन घरी आलाय, तो खरंच बरा झालाय का? पहिल्या भागात आपण त्याला घाबरत होतो, दुसऱ्यात त्याच्यासाठी घाबरतो. नॉर्मन झालेला अँथनी पर्किन्स सँडविच कापायला सुरी उचलताना अडखळतो, तेवढ्यावर पोटात गोळा येतो. त्या सुरीने सँडविचच कापायचंय.

आणि 'स्क्रीम २'. यातला मुखवट्यातला खुनी आधी फोन करतो आणि मग येतो. पहिला 'स्क्रीम' २० डिसेंबर १९९६ला आला, दुसरा १२ डिसेंबर १९९७ला. वर्षही पुरतं भरलं नाही. चित्रीकरण चालू असताना पटकथेचा भाग इंटरनेटवर फुटला आणि बदलाबदल करावी लागली. घाईने केलेल्या सीक्वेलची सगळी लक्षणं. तरीही दोन्हींनी जगभरात जवळपास सारखाच धंदा केला, १७ कोटी डॉलरच्या घरात. यात पोरं वर्गात बसून हाच वाद घालतात की दुसरा भाग पहिल्याहून चांगला कधी असतो का, आणि एकजण सीक्वेलचे नियमच सांगतो. मुडदे जास्त, खून जास्त सजवलेले. म्हणजे आपण वर जी तक्रार केली ती सिनेमाने स्वतःच आधी करून टाकली.

पण तो तगतो तो या हुशारीमुळे नाही, असं माझं मत. तो तगतो एका मोटारीमुळे. नायिका सिडनी आणि तिची मैत्रीण पोलिसांच्या गाडीत मागे बसल्यात. खुनी गाडी ताब्यात घेतो, अपघात होतो, खुनी स्टिअरिंगपाशी बेशुद्ध. मागची दारं आतून उघडत नाहीत, पोलिसांची गाडी आहे. मध्ये जाळी. बाहेर पडायची वाट एकच, जाळीतून पुढे सरकायचं आणि खुन्याच्या अंगावरून, त्याला धक्का न लावता, त्याच्या बाजूच्या खिडकीतून निसटायचं. आधी एक जाते, मग दुसरी. मुखवट्याचं तोंड हातभर अंतरावर. या मिनिटांत कुणी मरत नाही, रक्ताचा थेंब नाही, संगीतही दबकं. फक्त तो कधी जागा होईल ते माहीत नाही. सातच्या कल्याण लोकलमध्ये झोपलेल्या माणसाच्या मांडीवरून पाय टाकून दाराकडे सरकलेल्या कुणालाही हे दृश्य समजवावं लागणार नाही. पहिल्या भागात असलं काही नव्हतं. नव्या भागाला स्वतःची, न माहीत असलेली एक गोष्ट सापडली की त्याला पहिल्याची उसनवारी लागत नाही.

आपल्याकडे या कुळातलं जवळचं नातं म्हणजे तात्या विंचू. बाहुल्यात शिरलेला खुनी ही कल्पना १९८८च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन स्लॅशरशी मिळतीजुळती, आणि १९९३च्या 'झपाटलेला'ने तिला अस्सल मराठी करून टाकलं. ३डीतला दुसरा भाग आला २०१३ साली, वीस वर्षांनी. बाहुला तोच होता, तंत्र पुढचं होतं. पण माझ्या पिढीला त्या बाहुल्याची भीती वाटायची ती लक्ष्मीकांत बेर्डेंच्या चेहऱ्यावर. तो माणूस बाहुल्याकडे बघून ज्या तऱ्हेने घाबरायचा, त्यात आम्ही हसत हसत घाबरायचो. २००४ साली बेर्डे गेले. बाहुला पडद्यातून कितीही बाहेर आला तरी त्याच्याकडे तसं बघणारं कुणी उरलं नव्हतं.

'हॅलोविन २'मधला मुखवटासुद्धा तोच आहे, बरं का. पहिल्या सिनेमाचाच, तीन वर्षं ठेवून दिलेला. पण रबर पिवळट पडलं आणि आत माणूस दुसरा, वेगळ्या तोंडाचा, त्यामुळे चेहरा रुंद आणि जरा सुस्त दिसतो. भाचीला मी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी दाखवली. ती म्हणाली, पहिला कुणीतरी आहे असं वाटतं, दुसऱ्याने मुखवटा घातलाय असं वाटतं.

तिसऱ्या रात्री आम्ही 'स्क्रीम' आणि चौथ्या रात्री 'स्क्रीम २' पाहिला. मोटारीच्या दृश्याला तिने उशी तोंडाशी धरली आणि माझ्या बायकोने, जिला हे सिनेमे मुळीच आवडत नाहीत, स्वयंपाकघराच्या दारात उभ्याउभ्या शेवटपर्यंत बघितलं. संपल्यावर सगळ्यांना भूक लागली म्हणून मी पावभाजी मागवली. वीसेक मिनिटांनी भाचीचा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर.

"पार्सलवाला असेल, घे की."

तिने फोन टीपॉयवरून माझ्याकडे सरकवला. "मामा, तू घे."

वाजत होता. मी बायकोकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघताय?" ती म्हणाली.

चौथ्या रिंगनंतर तो बंद झाला आणि दोन मिनिटांनी दारावरची बेल वाजली.